ईव्ह ऑनलाइन: नवख्या खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा खेळ नेमका कशाविषयी आहे?

ईव्ह ऑनलाइन हा आइसलँडमधील रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीचा अंतराळावर आधारलेला बहुखेळाडू खेळ असून तो ६ मे २००३ रोजी सुरू झाला. ‘न्यू ईडन’ नावाच्या काल्पनिक तारकासमूहात तो घडतो. तेथे सात हजारांहून अधिक सूर्यमाला आहेत आणि चीनमधील स्वतंत्र सर्व्हर वगळता जगभरचे सर्व खेळाडू ‘ट्रँक्विलिटी’ या एकाच सर्व्हरवर, एकाच विश्वात खेळतात. त्यामुळे आज तुम्ही ज्याला फसवाल तो उद्या दुसऱ्या सर्व्हरवर निघून जात नाही. तो तेथेच असतो आणि बहुधा त्याला तुमचे नाव लक्षात असते.

खेळाला ठरलेली कथा नाही आणि शेवटही नाही. यान, तोफा, दारूगोळा, स्थानके यांपैकी बहुतेक वस्तू खेळाडूच खनिजांपासून तयार करतात, खेळाडूच विकतात आणि खेळाडूच नष्ट करतात. तुमचे यान फुटले की ते बांधणाऱ्या कुणाला तरी नवे गिऱ्हाईक मिळते. बाजारपेठ जिवंत आहे ती या विनाशामुळेच, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराचे मूळ येथे आहे.

तो ‘हार्डकोअर’ का म्हणवला जातो?

कारण येथे हरलेले परत मिळत नाही. बहुतेक खेळांत पात्र मेले की ते थोडे मागे जाऊन, अंगावरच्या सर्व सामानासह पुन्हा उभे राहते. येथे यान गेले म्हणजे गेले, आणि त्यात बसवलेली उपकरणे व भरलेला मालही त्याबरोबर जातो. दुसरे कारण असे की स्थानकातून बाहेर पडणे म्हणजे लढाईला संमती देणे, असाच या खेळाचा नियम आहे. इतर खेळाडूंपासून पूर्ण अभय असलेला प्रदेश संपूर्ण न्यू ईडनमध्ये कोठेही नाही.

खेळ किचकट आहे ही तक्रारही खरी आहे, पण किचकटपणा महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडतो. नुकसान सोसण्याची सवय लागायला जास्त वेळ लागतो, आणि माझ्या पाहण्यात खेळ सोडून गेलेले बहुतेक नवखे खिडक्या आणि आकडे पाहून गेले नाहीत. पहिले महागडे यान गमावल्यानंतर गेले.

खेळण्यासाठी पैसे भरावे लागतात का?

नाही. नोव्हेंबर २०१६ पासून ‘अल्फा’ प्रकारचे खाते विनामूल्य आहे. अल्फा खात्याची कौशल्ये निम्म्या वेगाने वाढतात, ५० लाख कौशल्यगुणांवर त्यांचे प्रशिक्षण थांबते आणि काही प्रगत याने व उपकरणे त्याला वापरता येत नाहीत. ‘ओमेगा’ या सशुल्क खात्याला या मर्यादा नाहीत. ओमेगासाठी दरमहा वर्गणी भरता येते किंवा ‘प्लेक्स’ नावाची वस्तू खर्च करता येते. ३० दिवसांच्या ओमेगासाठी ५०० प्लेक्स लागतात. प्लेक्स खऱ्या पैशांनी मिळते, तसेच ते खेळातल्या बाजारात ‘इस्क’ या खेळातील चलनानेही विकत घेता येते. त्यामुळे अनुभवी खेळाडू खेळातल्याच कमाईवर आपली वर्गणी भागवतात. पहिल्या महिन्यात मात्र तो नाद करू नये. वर्गणीपुरते इस्क जमवण्यासाठी नवख्याला इतके तास खाणकाम करावे लागते की खेळाची नोकरी होते.

वीस वर्षे खेळणाऱ्यांची बरोबरी मला कधी करता येईल का?

येथे कौशल्ये खेळण्याने वाढत नाहीत, वेळेने वाढतात. शिकायच्या कौशल्यांची तुम्ही रांग लावून ठेवायची. तुम्ही खेळात असा वा नसा, प्रशिक्षण चालूच राहते. त्यामुळे २००३ पासून प्रशिक्षण घेणाऱ्याच्या एकूण कौशल्यगुणांपर्यंत तुम्ही पोहोचणार नाही, हे आधीच मान्य करावे. पण एकूण बेरजेला प्रत्यक्ष लढाईत फारसा अर्थ नसतो, कारण प्रत्येक कौशल्याच्या पाचच पायऱ्या असतात आणि एका वेळी एकाच यानात बसता येते. छोटे फ्रिगेट चालवताना जुन्या खेळाडूची महाकाय यानांची कौशल्ये त्याच्या काहीही कामी येत नाहीत.

आकड्यांत सांगायचे तर सर्वांत सोप्या गटातील कौशल्याला पहिल्या पायरीसाठी २५०, तिसऱ्यासाठी एकूण ८,०००, चौथ्यासाठी सुमारे ४५,२५५ आणि पाचव्यासाठी २,५६,००० गुण लागतात. म्हणजे चौथ्या पायरीपर्यंत पोहोचायला एकूण गुणांच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी गुण पुरतात, आणि बहुतेक कौशल्यांचा लाभ प्रत्येक पायरीला सारखाच असल्याने पाचांतले चार हिस्से लाभ तेवढ्यातच पदरात पडतो. नवख्याने आपल्या एका यानाशी निगडित कौशल्ये तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत न्यावीत आणि पाचवी पायरी, एखाद्या यानासाठी ती सक्तीची नसेल तर, पुढे कधीतरी पाहावी.

माझे यान नष्ट झाले. आता काय?

यान फुटले की तुम्ही एका लहानशा कुपीत, म्हणजे ‘पॉड’मध्ये, बाहेर पडता. त्या क्षणी धक्क्यातून सावरत बसू नका. लगेच एखादा ग्रह किंवा स्थानक निवडून तिकडे वॉर्प करा, म्हणजे अतिवेगाने झेप घ्या. हायसेक आणि लोसेकमध्ये, म्हणजे जास्त व कमी सुरक्षित सूर्यमालांमध्ये, वॉर्प रोखणारे बुडबुडे वापरता येत नाहीत, त्यामुळे चपळाईने कळ दाबणाऱ्याचा पॉड तेथे बहुतेक वेळा निसटतो. पॉडही फुटला, तर तुम्ही तुमच्या ठरलेल्या स्थानकात नव्या क्लोनमध्ये, म्हणजे राखीव शरीरात, जागे होता. मेंदूत बसवलेली इम्प्लांट्स तेवढी जातात. क्लोन अद्ययावत ठेवला नाही तर पूर्वी कौशल्यगुणही कमी होत असत. २०१४ च्या अखेरीस तो नियम काढून टाकला गेला, तेव्हा जुन्या लेखांत तसे वाचले असल्यास घाबरू नये.

यानावर विमा उतरवता येतो. न उतरवलेल्या यानाचीही थोडी भरपाई मिळते, पण ती फक्त यानाच्या सांगाड्याची. उपकरणांना आणि मालाला विमा नाही. यानातील प्रत्येक वस्तू वाचण्याची शक्यता साधारण निम्मी असते आणि वाचलेले सामान भग्नावशेषात पडून राहते. ते बहुधा तुम्हाला मारणाराच नेतो.

खेळाडूंमध्ये सर्वांत जुना नियम एवढाच आहे की जे गमावणे परवडणार नाही ते यान घेऊन स्थानकाबाहेर पडू नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याला नवे नाही. येथे त्याला आकडा जोडता येतो. जवळचे एकूण इस्क मोजा आणि त्यातून तेच यान, त्याच उपकरणांसह, किमान पाच वेळा विकत घेता येईल का ते पाहा. येत नसेल तर ते यान अजून तुमचे नाही, भले तुमच्या नावावर का असेना. मी स्वतः पहिले बॅटलशिप, म्हणजे मोठे युद्धयान, घेतले तेव्हा खात्यात जेमतेम दारूगोळ्यापुरते इस्क उरले होते. ते यान दोन दिवस टिकले आणि त्यानंतरचे तीन आठवडे मी फ्रिगेटमध्ये काढले. गंमत म्हणजे जे काही शिकलो ते त्या तीन आठवड्यांतच.

सुरक्षित प्रदेशात असूनही मला कसे मारले?

प्रत्येक सूर्यमालेला सुरक्षा-पातळी असते. ०.५ ते १.० म्हणजे हायसेक, ०.१ ते ०.४ म्हणजे लोसेक, आणि ०.० व त्याखाली नलसेक. हायसेकमध्ये विनाकारण हल्ला करणाऱ्यावर ‘काँकॉर्ड’ हे पोलीस दल येते आणि हल्लेखोराचे यान हमखास नष्ट करते. नवखे येथेच फसतात: काँकॉर्ड शिक्षा करते, रक्षण करत नाही. त्याला पोहोचायला १.० पातळीच्या सूर्यमालेत काही सेकंद लागतात, ०.५ मध्ये त्याहून बरेच अधिक. तेवढ्या अवधीत तुमचे यान फोडता येईल इतका मारा ज्यांच्याकडे आहे, ते आपली स्वस्त याने बळी देऊन तो करतात. याला ‘गँकिंग’ म्हणतात आणि ते नियमात बसते.

हल्लेखोर हिशेब करूनच येतो. समजा, तुमच्या मालवाहू यानात दहा कोटी इस्कचा माल आहे आणि ते फोडण्यासाठी त्याला तीन कोटींची याने गमवावी लागतील. निम्मा माल वाचला तरी पाच कोटी हाती येतात, म्हणजे दोन कोटींचा नफा. तोच माल तुम्ही दोन खेपांत विभागून नेला, तर नफा शून्याखाली जातो आणि त्याला तुमच्यात रस उरत नाही. यानाची मालवाहू क्षमता वाढवणारी उपकरणे काढून चिलखत व ढाल वाढवणारी बसवली, तर त्याचा खर्च आणखी चढतो. अशा प्रदेशात सुरक्षितता याच बेरीज-वजाबाकीतून मिळते, पोलिसांकडून नव्हे.

ऑटोपायलटविषयी एक शब्द. ऑटोपायलट यानाला सूर्यमालांना जोडणाऱ्या गेटवर थेट न उतरवता काही किलोमीटर अलीकडे उतरवतो आणि उरलेले अंतर संथपणे कापतो. मालाने भरलेले यान ऑटोपायलटवर सोडून चहाला जाणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देण्यासारखेच आहे.

पिवळ्या रंगाचा डबा उघडला आणि सगळे माझ्यावर तुटून पडले. असे का?

अंतराळात तरंगणारा पिवळा डबा किंवा भग्नावशेष दुसऱ्याच्या मालकीचा असतो. त्यातून वस्तू घेतली की तुम्ही १५ मिनिटांसाठी ‘संशयित’ ठरता आणि कोणीही तुमच्यावर हल्ला करू शकतो. काँकॉर्ड मध्ये पडत नाही. अनुभवी खेळाडू मुद्दाम असे डबे आमिष म्हणून टाकतात. यानाच्या पडद्यावर सुरक्षिततेचे एक बटण असते. ते हिरवे ठेवल्यास खेळ तुम्हाला अशी कृती करूच देत नाही. पहिले काही आठवडे ते हिरवेच ठेवावे.

लोसेक किंवा नलसेकमध्ये कधी जावे?

लवकर, पण स्वस्त यानातून. वर्षभर हायसेकमध्ये बसून ‘तयारी’ करणाऱ्यांची तयारी कधीच पूर्ण होत नाही. लोसेकमध्ये काँकॉर्ड येत नाही, केवळ गेट आणि स्थानकांवरच्या तोफा असतात. नलसेकमध्ये त्याही नाहीत आणि तेथील बऱ्याच प्रदेशांवर खेळाडूंच्या आघाड्यांची सत्ता असते. मार्च २००९ मध्ये आलेल्या वर्महोल प्रदेशात, म्हणजे गेटऐवजी तात्पुरत्या विवरांतून गाठायच्या सूर्यमालांत, तर आजूबाजूला कोण आहे याची यादीसुद्धा दिसत नाही.

तेथे जगण्यासाठी तीन गोष्टी डोळ्यांखालून सतत गेल्या पाहिजेत. पहिली म्हणजे ‘लोकल’ची यादी: हायसेक, लोसेक व नलसेकमध्ये त्या सूर्यमालेतील प्रत्येक खेळाडूचे नाव तीत दिसते, म्हणून अनोळखी नाव उगवताच सावध व्हावे. दुसरी म्हणजे दिशादर्शक स्कॅन, ज्याला सगळे ‘डी-स्कॅन’ म्हणतात. तो १४.३ खगोलीय एककांपर्यंतची याने दाखवतो, मात्र दडून बसलेली याने दाखवत नाही. तिसरी म्हणजे गेट ओलांडल्यानंतरचा पहिला मिनिट. पलीकडे पोहोचल्यावर तुम्ही न हलल्यास ६० सेकंदांपर्यंत अदृश्य राहता. गेटवर कोणी टपून बसले असेल, तर तेवढ्या वेळात पाहून, विचार करून, कोणत्या दिशेने निसटायचे ते ठरवावे. घाबरून लगेच कळ दाबणारा स्वतःच स्वतःला दाखवून देतो.

सुरुवातीला इस्क कसे कमवावेत?

आधी करिअर एजंटांची, म्हणजे नवख्यांना कामे देणाऱ्या खेळातील पात्रांची, सगळी कामे पूर्ण करावीत. लढाई, खाणकाम, उत्पादन, शोधमोहीम यांची तोंडओळख त्यातून होते आणि काही याने मोफत मिळतात. त्यानंतर माझे मत शोधमोहिमेच्या बाजूने आहे. हेरॉन, मॅग्नेट, इमिकस आणि प्रोब ही खेळातील चार साम्राज्यांची शोधमोहिमेची फ्रिगेट्स अतिशय स्वस्त असतात, एका चांगल्या सापडलेल्या जागेतून यानाची किंमत अनेक पटींनी वसूल होते, आणि मुख्य म्हणजे लपणे, पाहणे व वेळेवर पळणे हे तीन गुण आपोआप अंगी बाणतात. खाणकाम करायचे असल्यास व्हेंचर हे खाणकामाचे फ्रिगेट घ्यावे. त्याला वॉर्प रोखण्याविरुद्ध जन्मजात +२ इतके संरक्षण असल्याने एकटा साधा डिसरप्टर, म्हणजे वॉर्प रोखणारे उपकरण, त्याला धरून ठेवू शकत नाही.

खरेदी-विक्रीसाठी जिटा ही सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. आमार, डोडिक्सी, रेन्स व हेक येथेही बाजार आहेत. जिटामध्ये वस्तू स्वस्त मिळतात आणि अक्कलही तेथेच विकत घ्यावी लागते. पुढचा प्रश्न त्याविषयी आहे.

खऱ्या पैशांनी प्लेक्स घेऊन, ते विकून, आलेल्या इस्कमधून थेट मोठे यान घेण्याचा मोह अनेकांना होतो. कौशल्याविना घेतलेले मोठे यान हे शिकाऱ्यांसाठी केवळ मोठे सावज असते.

मला कोणीतरी फसवले. तक्रार कोठे करावी?

बहुतेक वेळा कोठेही नाही. ‘मला एक कोटी पाठवा, मी दोन कोटी परत करतो’ असे जिटाच्या गप्पांत अखंड चाललेले असते, आणि ती फसवणूक खेळाच्या नियमांनुसार वैध आहे. करारात किमतीचे एक शून्य जास्त लिहिणे, दिसायला सारखी पण भलतीच वस्तू विकणे, विश्वास संपादन करून संघटनेची तिजोरी रिकामी करणे, हे सगळे चालते. करारावर सही करण्यापूर्वी वस्तूचे नाव, संख्या आणि रकमेतली शून्ये मोठ्याने वाचावीत. हास्यास्पद वाटले तरी हा उपाय लागू पडतो.

काही मर्यादा मात्र ठाम आहेत. खेळातील चलन वा वस्तू बाहेर खऱ्या पैशांना विकणे, स्वयंचलित प्रोग्रॅमकडून खेळवून घेणे, कंपनीचा कर्मचारी असल्याचे सोंग घेणे, खऱ्या आयुष्यातल्या धमक्या देणे आणि नवख्यांसाठी राखलेल्या प्रारंभिक सूर्यमालांमध्ये त्यांना सतावणे या गोष्टी निषिद्ध आहेत. त्यांची तक्रार अवश्य करावी.

संघटनेत कधी सामील व्हावे?

पहिल्या आठवड्यातच. खेळात खेळाडूंच्या संघटनेला ‘कॉर्पोरेशन’ म्हणतात. एकट्याने हा खेळ खेळता येतो, तसे एकट्याने बुद्धिबळही मांडता येते. नवख्यांना शिकवण्यासाठीच खेळाडूंनी चालवलेल्या संघटना आहेत. ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ ही त्यांपैकी सर्वांत परिचित असून ती २००४ पासून चालू आहे.

निवड करताना दोन गोष्टी तपासाव्यात. तुम्ही ज्या वेळी खेळता त्याच वेळी तेथील माणसे जागी असतात का, आणि नवख्याने यान गमावल्यावर त्याला दुसरे देण्याची पद्धत तेथे आहे का. प्रवेशासाठी इस्क मागणारी किंवा ‘तुमचे सगळे सामान आमचा माणूस सुरक्षित घेऊन येईल’ असे सांगणारी संघटना टाळावी. शेवटचे वाक्य मी अनुभवाने लिहितो आहे. ते सामान अजून वाटेत आहे.

इतक्या कमी कौशल्यांत मी लढाईत कोणाच्या काय उपयोगी पडणार?

फार. मोठ्या तोफा हळू वळतात. लहान यान जवळून वेगाने घिरट्या घालू लागले की बॅटलशिपच्या तोफांना त्याचा कोनीय वेग गाठता येत नाही आणि बहुतेक गोळे वाया जातात. म्हणून फ्रिगेटमधल्या नवख्याला ‘टॅकल’चे काम दिले जाते: शत्रूपर्यंत झेपावायचे, वॉर्प डिसरप्टरने सुमारे २० किलोमीटरवरून किंवा स्क्रॅम्बलरने आणखी जवळून त्याला जखडायचे, आणि मागून आपली माणसे येईपर्यंत तग धरायचा. पाठलाग करताना सरळ रेषेत त्याच्या अंगावर जाऊ नये, कारण तसे केल्यास कोनीय वेग जवळजवळ शून्य होतो आणि पहिल्याच फैरीत यान फुटते. थोड्या तिरक्या मार्गाने जावे. ही चूक प्रत्येक जण एकदा करतो.

ताफ्यात असताना आवाजाच्या वाहिनीवर केवळ ताफाप्रमुखाने बोलावे, इतरांनी विचारल्यासच. कोणावर मारा करायचा हे तो सांगतो. तुम्ही ऐकून तेच करायचे.

ज्या प्रचंड लढायांविषयी ऐकतो, त्यांत मलाही भाग घेता येतो का?

येतो, आणि त्या अनेकदा क्षुल्लक कारणांनी पेटतात. २७ जानेवारी २०१४ रोजी बी-आर५आरबी या सूर्यमालेतील मालकीहक्काचा हप्ता भरायचा राहिला, तिची मालकी सुटली आणि दोन्ही बाजूंच्या आघाड्या तिच्यावर तुटून पडल्या. सुमारे २१ तास चाललेल्या त्या लढाईत साडेसात हजारांहून अधिक खेळाडू सहभागी झाले आणि टायटन या सर्वांत मोठ्या प्रकारची ७५ याने नष्ट झाली.

प्रत्यक्ष अनुभव मात्र चित्रफितींइतका थरारक नसतो, हे आधीच सांगितलेले बरे. गर्दी वाढली की सर्व्हरवरचा भार पेलण्यासाठी खेळाचा काळ मंदावतो, तो मूळ वेगाच्या १० टक्क्यांपर्यंत उतरतो. अशा वेळी एक तोफ झाडायची म्हणजे कळ दाबून बराच वेळ वाट पाहायची. सोबत गप्पा मारणारी माणसे असतील तर तो वेळ सुखाने जातो.

रोज ठरावीक वेळी खेळ बंद का पडतो?

तो बिघाड नव्हे. दररोज ११:०० वाजता, जागतिक प्रमाणवेळेनुसार, देखभालीसाठी सर्व्हर काही मिनिटे बंद होतो. खेळातील घड्याळही याच प्रमाणवेळेवर चालते, म्हणून ताफ्यांच्या वेळा नेहमी तिच्यानुसार सांगितल्या जातात.

एकाच वेळी दोन विनामूल्य खाती चालवता येतात का?

नाही. अल्फा खाते दुसऱ्या कोणत्याही खात्यासोबत एकाच वेळी उघडण्यास मनाई आहे. एकाच वेळी अनेक खाती चालवायची असल्यास ती सर्व ओमेगा असावी लागतात.

सगळे वाचूनही भीती वाटते. पहिल्या संध्याकाळी नेमके काय करावे?

प्राथमिक धडा पूर्ण करा, कौशल्यांची रांग भरा आणि मदतीच्या वाहिनीवर एक तरी प्रश्न विचारा. मग सर्वांत स्वस्त फ्रिगेट घ्या, त्यात महागडे काहीही ठेवू नका आणि नकाशा पाहत जवळच्या लोसेकमध्ये जा. कोणीतरी तुम्हाला फोडेल. त्याला संदेश पाठवून, आपले काय चुकले, असे विचारा. उत्तर बहुधा येते, बऱ्याचदा सविस्तर येते, आणि कधी कधी त्यासोबत नव्या फ्रिगेटपुरते इस्कही येतात.